तीन पंख्यांचं कार्ड

"ताई, आता बघच," म्हणत मी स्क्रीनवरच्या पुलाकडे निघालो.

लहानपणी टीव्हीला जोडलेल्या घरच्या कॉम्प्युटरवर ती या खेळातला हा पूल सहज ओलांडायची. मी दरवेळी नदीत. "टीव्हीवर पुसट दिसायचं," हे माझं चाळीस वर्षांचं कारण. म्हणून आता त्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर आणलं, तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि ताईला मुद्दाम जेवायला बोलावलं.

उडी मारली. नदीत पडलो.

"अरे, कार्ड नुसतं चित्र घासूनपुसून दाखवतं," ताई म्हणाली. "खेळ आत जुनाच चालतो. उडी तुलाच मारायची." श्रीखंडाची वाटी एका हातात धरून तिने दुसऱ्या हाताने पूल ओलांडला.

कार्डात मात्र खोट नाही. इतका स्वच्छ बुडताना मी आजवर दिसलो नव्हतो.