कमी धक्क्याची बंदूक

"हलकी पाहिजे. आणि खांद्याला धक्का कमी देणारी," क्लोव्हिस म्हणाला.

दुकानात अर्लीन रबरी बुटांच्या मांडणीमागे उभी होती. नवऱ्याला नाताळसाठी लोकरी मोजे घ्यायला ती आली होती. तो नवरा, क्लोव्हिस, मात्र ट्रॅक्टरचा पट्टा आणतो म्हणून सकाळीच घरातून निघाला होता. ती होती तिथेच थांबली.

दुकानदार व्हर्जिलने काउंटरवर दोन बंदुका ठेवल्या. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक, एक बार काढला की पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या. पहिली जाड नळीची, चिखलात पडली तरी कुरकुर न करणारी. पण खांदा फोडते, असं त्यानेच सांगितलं. दुसरी सडपातळ. ती उडालेल्या बाराचाच गॅस वापरून चालते, त्यामुळे धक्का बराचसा आतच जिरतो. फक्त वरचेवर पुसावी लागते. क्लोव्हिसने दुसरी जवळ ओढली आणि खांद्याला टेकवायचा दस्ता आखूड करून मिळेल का, असं विचारलं.

"जन्मभर तू यांना आळशांची खेळणी म्हणत आलास," व्हर्जिल म्हणाला. "बापाची, दर बाराला हाताने ओढायची बंदूक सोडून दुसरीला कधी हात लावला नाहीस. आता ही कुणासाठी? अर्लीन शिकारीला यायला लागली की काय?"

"अर्लीनला बदकं पातेल्यातच आवडतात." क्लोव्हिस हसला. "ज्या हातांत फारसा जोर नाही, त्या हातांसाठी हवी आहे."

अर्लीन मोजे न घेताच मागच्या दाराने बाहेर पडली.

ते हात कुणाचे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कालव्यापलीकडची नॅनेट गिद्री. नवरा वारल्यावर तिने भाताची शेती एकटीने चालवली होती, आणि बदकं मारण्यात ती गावातल्या पुरुषांना हार जात नव्हती. मनगटं मात्र पोरीसारखी बारीक. उन्हाळ्यात तिचा पाण्याचा पंप बिघडला, तेव्हा क्लोव्हिस सारखा तिकडे जात होता. त्या वेळी अर्लीनला काही वाटलं नव्हतं. आता सगळंच वाटायला लागलं.

त्याने गुंड्यांचे जुने शर्ट बाजूला टाकले होते आणि टिचबटणांचे नवे, रंगीत शर्ट आणले होते. या वयात ही हौस कुणासाठी? लफायेत शहरात त्याच्या फेऱ्या वाढल्या होत्या; विचारलं की बियाण्यांचं काम आहे म्हणायचा. शनिवारी नाचाला गेलं की तो भिंतीशी बसून राहायचा आणि अर्लीनला आपल्या चुलतभावाबरोबर नाचायला पाठवायचा. ती वळून बघायची, तर याचे डोळे दुसरीकडेच. आता तिला वाटलं, ते नॅनेटलाच शोधत असणार.

रविवारी चर्चबाहेर नॅनेटने तिला थांबवलं आणि क्लोव्हिस बरा आहे ना, असं विचारलं. अर्लीनला तिच्या धिटाईचं नवल वाटलं. त्याची काळजी घ्यायला घरात बायको आहे, असं तिने तोंडावर सांगितलं. नॅनेट काहीतरी बोलणार होती, पण वळून चालू लागली. रस्ताभर अर्लीन त्या बारीक मनगटांचाच विचार करत होती. तिने तीस वर्षं या माणसाची बदकं सोलली होती. पिसं काढून काढून बोटं आखडली होती. त्या हातांना त्याने कधी साधे हातमोजेही आणले नव्हते.

बंदूक घरी आली नाही. तिने कोठारही धुंडाळलं. तिची खात्रीच पटली.

शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्या चुलतभावाच्या बायकोकडून कळलं, की यंदा क्लोव्हिसने त्यालाही यायला नको म्हणून सांगितलंय. बदकं टिपायला दडून बसायच्या लपणात एकटाच बसणार म्हणे. एकटा, म्हणत अर्लीन हसली. त्या बाईला हसायचं कारण कळलं नाही.

पहाटे त्याची गाडी गेली, तशी तीही निघाली. पाणी सोडलेल्या खाचरांमधल्या बांधावरून चालताना जे बोलायचं ते तिने पक्कं करून ठेवलं. आधी नॅनेटशी बोलायचं, मग त्याच्याशी. घरातून कोण निघणार हेही ठरलं होतं.

लपण गवताने शाकारलेलं होतं. मागून आत दिसत होतं. क्लोव्हिस बाकावर बसला होता. शेजारी कुणीच नव्हतं. नवी बंदूक त्याच्याच मांडीवर होती.

बदकं आली. पंख रोखून खाली उतरू लागली. क्लोव्हिसने बंदूक उचलली. नळी अर्ध्यावर गेली, थरथरली आणि खाली आली. त्याने पुन्हा उचलली. मग डाव्या हाताचं कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि नळी त्या हातावर ठेवली, एखादं ओझं ठेवावं तशी. तोवर बदकं पाण्यात उतरून पोहायला लागली होती. त्याने बार काढलाच नाही.

बांधावर तिचा पाय वाजला. त्याने वळून पाहिलं.

ती पुढे झाली. "कधीपासून?" एवढंच तिने विचारलं.

"फेब्रुवारी सरता सरता बोटं गेली. आधी गुंड्या लागेनात," तो म्हणाला. "लफायेतचा डॉक्टर म्हणतो, आता हात, मग पाय. शेवटी श्वास. औषध नाही यावर. एक दिवस नॅनेटचा पंप जोडताना पाना हातातून पडला, तो उचलता येईना. तिने पाहिलं. कुणाला सांगू नकोस म्हणून मीच बजावलं तिला. हा एक मोसम हवा होता मला. नंतर मला उचलून उठवणं-बसवणं तुलाच करायचंय."

अर्लीन त्याच्या शेजारी बाकावर बसली. समोर बदकं निवांत पोहत होती.

"तू कशी आलीस इथे?" त्याने विचारलं.

"मला वाटलं, तुझ्याबरोबर नॅनेट असेल."

तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याला तिचा हात धरता येत नव्हता.

"असती," ती म्हणाली, "तर फार बरं झालं असतं."