खंड्याचा वाटा

बहात्तरच्या दुष्काळात शिरूरच्या माळावर हरिबा धनगराच्या घरी माणशी अर्धीच भाकरी मिळायची. मेंढरं राखणाऱ्या खंड्या कुत्र्याला मात्र तो रोज अख्खी भाकरी मेंढीच्या दुधात कुस्करून घालायचा.

"पोरं उपाशी निजत्यात, आन् तुमी कुत्र्याला दूध पाजताय व्हय?" बायको, अनसाबाई, करवादायची.

"त्याच्या अंगात बळ असंल तरच मेंढरं ऱ्हात्याल. मेंढरं ऱ्हायली तर पोरं जगत्याल."

उन्हाळ्यात चाराच संपला. हरिबानं मेंढरं विकली. न्यायला दौंडहून व्यापाऱ्याचा ट्रक आला, तर खंड्या दात विचकून आडवा उभा. एकाही मेंढराला कुणाला हात लावू देईना.

 

शेवटी हरिबानं नेहमीसारखी दुधात भाकरी कुस्करली, आणि खंड्यानं खायला मान खाली घातल्यावर त्याच्या गळ्यात दावं अडकवलं.