सैल झाकणं

कोच झाल्यापासून टीम निवडताना मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही, मग तो बाप मीच का असेना! म्हणूनच उद्याच्या फायनलसाठी माझ्याच लेकीला बारावी खेळाडू केलं. घरी आलो, तर जेवणाच्या टेबलापाशी माझ्या खुर्चीत तिची किटबॅग ऐसपैस बसलेली. "बाबा, इथे तुम्ही बारावे. पाणी आणा," लेक गाल फुगवून म्हणाली. बायको ताटाकडे बघून हसली. मी मुकाट्यानं बाटल्या भरल्या, झाकणं सैल केली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि धावतच आलो. "झाकणं सैल कशाला?" लेकीनं विचारलं. "ग्लोव्हज घातलेल्या हातांनी ती उघडत नाहीत." "हे कुठे शिकलात?" "सात वर्षं टीममध्ये होतो. त्यातली पाच हेच केलं." मग किटबॅग खाली ठेवून तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवली. "उद्या टॉवेल कुठल्या खांद्यावर टाकायचा, बाबा?"