कॅरिअर

"कॅरिअर म्हणजे सायकलचं?" पूजाने विचारलं आणि हर्षालीने कपाळावर हात मारला.

सकाळपासून हेच चाललं होतं. गंगापूर रोडच्या होस्टेलची ती एवढीशी खोली, मेसचे डबे कधीचे गार होऊन पडलेले, दोघींचे डोळे चुरचुरतायत, आणि रेडिओलहरींचं मॉड्युलेशन काही केल्या पूजाच्या डोक्यात शिरत नव्हतं. उद्या तोंडी परीक्षा. पूजाचा हा विषय आधीच एकदा राहिलेला. यावेळी राहिला तर बाबा बॅग भरून थेट गावी देवळ्याला नेणार, तसं त्यांनी सांगूनच टाकलं होतं.

"बरं, सायकलचंच धर," हर्षाली म्हणाली. बोलून बोलून तिचा घसा बसला होता. "तुझं बोलणं एकटं लांब जात नाही ना, मग ते एका लहरीवर बसवायचं. ती लहर म्हणजे कॅरिअर. कायम एकसारखी, तिला स्वतःला काही सांगायचं नसतं. पण बोलणं वर बसलं की ती बदलते. उंची कमीजास्त झाली तर एएम, लाटा जवळ-लांब झाल्या तर एफएम. आणि पलीकडचा रेडिओ काय करतो? कॅरिअर टाकून देतो, बदल तेवढा ठेवतो."

"जिला काही सांगायचंच नाही, ती पाठवायची कशाला मग?"

"अगं बाई!" हर्षाली गादीवर आडवी झाली. "मेले मी."

तेवढ्यात पूजाचा फोन वाजला. आई. रोज याच वेळेला, रोज तेच. पूजाने फोन स्पीकरवर टाकला आणि पुस्तक पुढे ओढलं.

"जेवली का गं पोरी?"

"जेवले."

आईने पुढचा नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. मग, "काय झालं?"

"कुठं काय? जेवले म्हटलं ना."

"ते तर तू रोजच म्हणती. आज रडल्यावानी म्हणली. परीक्षेचं टेन्शन हाय का?"

पूजाने ओठ घट्ट दाबून धरले.

"तुझ्या बाबाला मी बघते. तू आधी दोन घास खा."

फोन बंद झाला.  हर्षाली उठून बसली. पूजा कितीतरी वेळ काळ्या स्क्रीनकडे बघत राहिली. मग ओढणीने नाक पुसलं.

"हर्षे," ती हळूच म्हणाली, "'जेवले' हे कॅरिअर ना गं?"

हर्षालीने पुस्तक मिटलं आणि गार झालेला डबा तिच्यापुढे सरकवला.