दिव्याची जागा

"हा डाग कसला?" शहाबादी फरशीवर वाकून घरमालकांनी विचारलं.

"तेल सांडलं होतं," मी म्हटलं. सासूबाई या घरात वारल्या हे कळलं असतं, तर त्यांनी डिपॉझिट अडवलं असतं. प्राण गेला त्या जागी दहा दिवस तेवत ठेवलेल्या दिव्याचं तेल फरशीत मुरलं होतं. कितीही घासलं तरी निघेना.

 पूर्ण रकमेचा चेक माझ्या हातात देऊन घरमालकांनी आपली जुनी सतरंजी त्या डागावर पसरली. "नव्या भाडेकरूंनाही तेलच सांगू."

आम्ही राहायला आलो, तेव्हा ही सतरंजी आतल्या खोलीत होती. तिच्याखालच्या डागाबद्दल मी विचारलं, तर म्हणाले होते, "तेल सांडलं होतं."

त्याच जागी मी रोज लेकीचं अंथरूण घालत होते.