मागणी शून्य

"धनगरवाडा वगळावा लागला, बुवा," सौरवीज योजनेच्या मॅडम म्हणाल्या. "तिथं वीज नेली तर योजना तोट्यात जाते."

त्यांनी दोन पद्धतींनी आराखडा मांडला होता. संगणकानं नकाशावरची घरं मोजून केलेल्या पहिल्या आराखड्यात धनगरवाड्याला वीज मिळत होती. मीच हट्ट धरला होता, "यंत्राचं काय ऐकता? माणसांना विचारा." त्यांनी घरोघरी विजेची गरज विचारली, आणि त्यावरून केलेला दुसरा आराखडा खरा धरला.

मी उत्तरांचे कागद पाहिले. मागच्या वर्षी रॉकेलची चिमणी कलंडून जिची सून भाजली, त्या सगुणाबाईनं सांगितलं होतं, "देवाच्या दयेनं काय बी कमी न्हाई." अठ्ठावीस घरं, एकच उत्तर. पुढं मॅडमनी लिहिलं होतं, मागणी शून्य.

"अहो, ती माणसं कधी मागतच नाहीत!"

"मंजुरी झाली, बुवा."

वीस वर्षं कीर्तनात मीच त्यांना सांगत आलो, मागू नये, आहे त्यात आनंद मानावा. माझ्या घरी पंखा होता.

देवळाच्या पायरीवर सगुणाबाई भेटली. पाया पडून दबकत म्हणाली, "बुवा, त्या दिशी मॅडमम्होरं आमी हावऱ्यागत न्हाई न्हवं बोललो?"