कणगीची राखण

संगप्पानं कणगीवरचं सूप बाजूला केलं आणि वाकून आत पाहिलं. ज्वारीवर विभूतीचे तीन पट्टे होते. पण ते त्याचे नव्हते.

दिवसाची ज्वारी तो रोज पहाटे स्वतः मोजून काढून देई. मग उरलेली तळहातानं सपाट करी आणि तिच्यावर विभूतीची तीन बोटं ओढी. ही मोंढ्यातली, धान्याच्या बाजारातली सवय. मापाडी म्हणून त्याची हयात तिथं गेली होती, आणि तिथं रात्री राशीवर राखेची खूण करून ठेवत. खूण मोडली की समजायचं, हात लागला. संगप्पाचं मधलं बोट वाकडं होतं, त्यामुळं त्याचा मधला पट्टा खाली झुकलेला असे. हे तिन्ही पट्टे सरळ होते. आणि बारीक. पहाटेच्या चिमणीच्या उजेडात ते कधी कळलं नव्हतं. आज मोंढ्यात एकही गाडी आली नाही म्हणून तो भर दुपारी परतला, तर घरात कुणी नव्हतं आणि कवाडातून ऊन थेट कणगीवर आलं होतं.

लातूर जिल्हा झाला, साहेब आले, कचेऱ्या आल्या. पाऊस तेवढा आला नाही. मुलगा विरूपाक्ष कापडाच्या दुकानात अर्ध्या पगारावर होता. तरी कणगी उतरली नव्हती. संगप्पा मोंढ्यात चारचौघांत सांगायचा, "माप आवळलं की झालं. बायकांच्या हाती दिलं की संपलं."

सुनेचं माहेर निलंग्याकडं. तिथल्या विहिरी कधीच्या आटलेल्या. ज्वारी तिकडंच जात असणार, त्याला दुसरं काही सुचेना.

त्यानं दंडापर्यंत हात घातला. ज्वारी होती तिथंच होती. हे त्याला जास्तच खटकलं. दाणे काढून कुणी वाळू तर मिसळली नाही? मूठ भरून तो उंबऱ्यात आला, तळहातावर फुंकर मारली. वाळू नव्हती. दाणा टपोरा होता, पाटाच्या पाण्यावरचा. असला दाणा त्याच्या कणगीत कधी पडलाच नव्हता.

तेवढ्यात टँकरवरून बायको गुरम्मा आणि सून रुद्राणी घागरी घेऊन आल्या. संगप्पा मूठ तशीच पुढं धरून उभा राहिला.

"ते पट्टे कुनी वढले?"

"मी, मामा," रुद्राणीनं घागर उतरवली. "तुमी रोज पूजा करता नव्हं कणगीची? आत हात घातला की ती मोडती. तसंच उघडं ठेवू वाटंना. म्हनून हातपाय धुऊन पुन्ना वढती."

गुरम्मा फस्‌कन हसली. "पूजा कशाची गं? राखण करायलेत हे. तुझी आन माझी."

रुद्राणीचं तोंड उतरलं. तिनं संगप्पाच्या मुठीकडं पाहिलं.

"जवारी माझ्या माहेरी जायली असं वाटलं व्हय, मामा?"

संगप्पानं मूठ उघडली. "ही जवारी कुनाची?" त्यानं विचारलं.

"अर्धापूरची," गुरम्मा म्हणाली. "कोपऱ्यावरच्या खोल्यांत नव्या कचेरीतले कारकून राहत्यात. त्यातल्या एकाचं गाव ते. ते जवारी आनून देत्यात, आमी कडक भाकरी करून देतो. निम्म्याच्या भाकरी त्यांच्या, निम्मी जवारी आपली. चूल बटईनं लावलीय म्हना की."

"कवा करता? मला कसा आवाज न्हाई आला?"

"सोमवारी तुमी मठात बसता तवा. कडक भाकरीला काय, आठ दिस बघायला नगं."

"आपल्या घरची सून परक्याच्या भाकरी थापनार? विरूपाक्षाला ठावं हाय?"

"त्याला भूक लागती तेवढं ठावं हाय." गुरम्मानं पदरानं गळ्यावरचा घाम पुसला. "तुमी मोजून देता त्यात चार मानसं जेवत्यात असं वाटलं व्हय तुमाला? ताटात तिसरी भाकरी पडती, ती कुठून आली कदी इचारलं?"

संगप्पाची मूठ आवळली गेली. "बंद करा हे. आजपासून."

"बरं," रुद्राणी खाली बघत म्हणाली. "करते बंद. कणगीत हात बी घालायची न्हाई."

"मग उद्यापासून तुमीच थापा आन तुमीच वाढा," गुरम्मा म्हणाली. "आमाला बी बघू द्या तुमचं माप कुठवर पुरतं ते."

मागच्या दारावर थाप पडली, आणि पुन्हा पडली. रुद्राणी जागची हलली नाही. गुरम्मानंही तोंड फिरवलं. शेवटी संगप्पाच गेला.

दारात चष्मा लावलेला एक काटकुळा पोरगा होता, हातात ज्वारीची पिशवी. म्हाताऱ्याला पाहून तो एक पायरी खाली उतरला.

"ताई नाहीत का? भाकरी न्यायच्या होत्या."

संगप्पानं त्याच्या हातातून पिशवी घेतली. एका हातानं उचलून अधांतरी धरली, जरा हलवली, पुन्हा स्थिर केली.

"निम्मी आमची म्हनं हिच्यातली."

"हो, आजोबा."

"मोजून कोन घेतं?"

"मोजत नाही कुणी." पोरगा कसनुसा हसला. "ताईंचा विश्वास आहे आमच्यावर."

"तिचा असंल," संगप्पा म्हणाला, आणि पिशवीचं तोंड सोडायला उंबऱ्यातच बसला.